कुत्र्याच्या भांड्यातलं कच्चं मांस

चिकनच्या दुकानात कुणी "कुत्र्यासाठी द्या" म्हणालं, की दुकानदाराचा हात आपोआप वेगळ्या घमेल्याकडे वळतो. त्यात माना असतात, पाय असतात, पंखांची टोकं, कातडी, पाठीचे सांगाडे. माणसांसाठी कापलेल्या कोंबड्यांमधून जे बाजूला पडतं ते सगळं. दरही बराच कमी. वर्षानुवर्षं हे गिऱ्हाईक ती पिशवी घरी नेऊन भातासोबत कुकरला लावत आलं आहे. आता त्याच रांगेत असे लोकही उभे दिसतात जे ते शिजवणार नाहीत. धुतील, वजन करतील आणि तसंच कुत्र्यापुढे ठेवतील. ज्यांना दुकानात जायचं नसतं त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत गोठवलेल्या कच्च्या मांसाची पाकिटं घरपोच येऊ लागली आहेत.

माझ्या घरात गेली वीसेक वर्षं कुत्री आहेत, आणि अलीकडे कुत्री पाळणारा जवळजवळ प्रत्येक ओळखीचा माणूस एकदा तरी विचारतो: "कच्चं सुरू करू का?" विचारणारा हौशी नसतो. त्याच्या कुत्र्याची खाज जात नसते, पोट सारखं बिघडत असतं, पाकिटातल्या गोळ्यांना ते तोंड लावत नसतं. त्याला काहीतरी चांगलं करायचं असतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर खांदे उडवून देता येत नाही.

कच्च्या आहाराची आजची चळवळ फार जुनी नाही. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यकाचं 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ साली आलं. 'बार्फ' हे नाव त्यांच्यामुळे जगभर गेलं. हाडं आणि कच्चं अन्न असा त्याचा साधा अर्थ. २००१ साली टॉम लॉन्सडेल या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यकाने मांसल हाडांवर आणखी आग्रही पुस्तक लिहिलं. दोघांचा राग कारखान्यातल्या अन्नावर होता, आणि त्या अन्नाचाही एक इतिहास आहे. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस उष्णता आणि दाबाखाली फुगवलेल्या कोरड्या गोळ्या. मग २००७ साल उजाडलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, उत्तर अमेरिकेत अनेक कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि सुमारे ६ कोटी डबे व पाकिटं परत मागवावी लागली. त्या वर्षानंतर पाकिटावर विश्वास ठेवायला लोक कचरू लागले. हा अविश्वास मला समजतो.

पण 'पूर्वी कुत्री कच्चंच खायची' हे वाक्य मात्र तपासून घ्यावं लागतं. बिस्किटाआधी युरोपातली कुत्रीही माणसाच्या ताटातलं उरलेलंच खात होती. आपल्याकडे करवानी कुत्र्यांकडे पाहा. सोलापूर, सांगली, लातूर पट्ट्यात आणि पलीकडे मुधोळ भागात ही शिकारी जात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-मक्याची भाकरी, दूध आणि जमलं तर अंडं यांवर वाढली. सशाच्या मागे तिच्याइतकं धावणारं कुत्रं सापडणं कठीण. शिकारीत कधी वाटा मिळाला तर मिळाला, रोजचं पोट भाकरीवरच.

लांडग्याचा दाखला याच ठिकाणी येतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा कच्चं मांस खातो, मग कुत्र्यानेही तेच खावं. दात बघा, जबडा बघा, असं सांगितलं जातं. हे अर्धं खरं आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी १२ लांडगे आणि ६० कुत्री यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेझ विकराच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, आणि त्याच्या उकिरड्याभोवती राहणाऱ्या प्राण्याचं पोटही त्याच्याबरोबर बदललं. हस्कीसारख्या उत्तरेकडच्या जातींत या प्रती कमी आढळतात, कारण त्यांच्या माणसांकडे धान्य नव्हतंच. थोडक्यात, भाकरीने कुत्र्याचा अपमान होत नाही. आणि माळरानावरच्या लांडग्याचं आयुष्य सहा-आठ वर्षांचं असतं. पोटात जंत असले तरी तो त्यांच्यासह जगतो. आपल्या कुत्र्याने तेरा-चौदा वर्षं जगावं आणि तेही आपल्या पोरांच्या अंथरुणात, ही आपली अपेक्षा आहे. लांडग्याला असलं काही जमवायचं नसतं.

तरीही कच्चं घालणाऱ्यांना जे दिसतं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. केसांवर तकाकी येते. शी कमी होते, घट्ट होते, वास कमी येतो. इलिनॉय विद्यापीठातल्या चाचण्यांतही कच्च्या आणि हलक्या शिजवलेल्या अन्नावरच्या कुत्र्यांची विष्ठा कोरड्या गोळ्यांवरच्या कुत्र्यांपेक्षा कमी भरली. ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांना गाईची कच्ची हाडं चघळायला दिली, तेव्हा दातांवरचं कीटण काही दिवसांतच मोठ्या प्रमाणात उतरलं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो मालकांच्या प्रश्नावल्यांवरून असं दाखवलं, की पिल्लूपणी घरचं, प्रक्रिया न केलेलं अन्न मिळालेल्या कुत्र्यांना पुढे आतड्याचे जुनाट विकार कमी होतात. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पिल्लाला घरी वाढून खाऊ घालणारा माणूस इतर बाबतींतही त्याच्याकडे जास्त लक्ष देत असेल. पण हे निष्कर्ष फेटाळण्यासारखे नाहीत.

माझा प्रश्न वेगळा आहे. दूध-पोळीवरून किंवा स्वस्त गोळ्यांवरून कुत्रा कच्च्या मांसावर गेला, की एकाच दिवशी बऱ्याच गोष्टी बदलतात. प्रथिनं वाढतात. स्निग्धांश वाढतो, आणि तकाकी बहुतांशी त्याचीच असते. अन्नात पाणी येतं. दूध बंद होतं, ज्यातली साखर अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. खाज ज्या घटकामुळे सुटत होती तोही कदाचित भांड्यातून निघून जातो. या सगळ्यात 'न शिजवणं' याचा वाटा किती? इलिनॉयच्या चाचणीतलं हलकं शिजवलेलं अन्नही कच्च्याच्याच रांगेत बसलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फायदा ताज्या मांसाचा आहे. त्याचं श्रेय कच्चेपणाला दिलं जातं.

आता धोक्याकडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या पाळीव-अन्नाचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बाजारातल्या ३५ गोठवलेल्या पाकिटांपैकी २८ मध्ये महत्त्वाच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय होते. लक्षात घ्या, ही पाकिटं शीतसाखळी नीट सांभाळणाऱ्या देशांतली होती. आणि गोठवणीने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. बऱ्याचशा परजीवींना गोठवण मारते, जिवाणूंना मारत नाही, हा फरक पाकिटं विकणारे क्वचितच समजावून सांगतात.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "कुत्र्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की जंतू टिकतच नाहीत." आम्ल तर माणसाच्या जठरातही तीव्रच असतं, तरी आपण आजारी पडतो. कुत्रा बऱ्याचदा आजारी पडत नाही, हे खरं. पण तो साल्मोनेला विष्ठेतून बाहेर टाकत राहतो, तोंडावर, मिशांवर, पंजांवर घेऊन फिरतो. कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात १० 'बार्फ' जेवणांपैकी ८ मध्ये साल्मोनेला निघाला आणि ते खाणाऱ्या १० कुत्र्यांपैकी ३ च्या विष्ठेत. कुत्री धडधाकट होती. इंग्लंडमध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात ई. कोलाय ओ१५७ ने ४ माणसं आजारी पडली, त्यांतलं एक दगावलं. चौघांपैकी तिघांचा संबंध कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांशी आला होता. भांड्यातून धोका कुत्र्याकडे जातो आणि तिथून घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाकडे. रांगतं मूल, गरोदर बाई, केमोथेरपी घेणारे आजोबा.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर होतो, आणि इथेच मला परदेशी वाद अपुरा वाटतो. आपलं मांस डोळ्यांदेखत कापलं जातं, त्यामुळे ते ताजं वाटतं. पण पिंजरा, तराजू, लाकडी ओंडका, सुरी, पाण्याचं पिंप सगळं एकच असतं. आतडी आणि छाती एकाच ओंडक्यावर सुटी होतात. मे महिन्यात दुपारी ४० अंशांवर पिशवी स्कूटरला लटकून घरी येते. यात आपण कधी मरत नाही, कारण आपण मांस कच्चं खातच नाही. तांबडा रस्सा असो की सुकं, ते रटरटून शिजतं. आपल्या मांसव्यवहाराची सगळी भिस्त चुलीवर आहे. चूल वगळली की सुरक्षिततेची दुसरी कुठलीही पायरी उरत नाही. आणि 'कुत्र्यासाठी' म्हणून जे घमेलं ठेवलेलं असतं ते दिवसभरातलं सगळ्यात हाताळलेलं, सगळ्यात उशिरा उचललं जाणारं असतं.

कोंबडीपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती बोकड-मेंढीच्या आणि म्हशीच्या आतल्या अवयवांची. कलेजी, फुप्फुसं, वजडी. एकायनोकॉकस नावाचा एक पट्टकृमी आहे, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा. त्याच्या अळ्या शेळ्या-मेंढ्या, म्हशी यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी करून बसतात. कापणारा ती गाठ बघून तेवढा तुकडा बाजूला फेकतो, आणि तो तुकडा ज्याच्या तोंडी जातो तो असतो कुत्रा. दीड-दोन महिन्यांत कुत्र्याच्या आतड्यात प्रौढ कृमी तयार होतात. कुत्र्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. तो खातो, खेळतो, शेपूट हलवतो. विष्ठेतून अंडी पडतात, अंगावरच्या केसांना चिकटतात, आणि हातांवरून किंवा न धुतलेल्या कोथिंबिरीवरून माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात मग तशीच गाठ वाढू लागते, वर्षानुवर्षं, गुपचूप. एखाद्या सोनोग्राफीत ती सापडते तोवर मोठी झालेली असते, आणि ती फुटू न देता काढणं हे शल्यविशारदाचं कसब ठरतं. 'हायडॅटिड' हे निदान आपल्या रुग्णालयांना अजिबात अपरिचित नाही.

या रोगाचा इतिहासच कच्च्या अवयवांविरुद्ध बोलतो. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये तो घरोघरी होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने १८६३ मध्ये तिथे जाऊन त्याचा माग काढला आणि लोकांना समजेल अशी पुस्तिका लिहिली. ती घराघरांत वाटली गेली. कुत्र्यांना गाठी असलेले अवयव घालू नका, हा तिचा गाभा होता. पुढे त्या बेटावरून रोग नाहीसा झाला. मेंढ्यांच्या देशाला, म्हणजे न्यूझीलंडला, त्यासाठी कायदा करावा लागला. कच्चे अवयव कुत्र्यांना घालायला बंदी आणि जंताचं औषध सक्तीचं, अशी दशकांची मेहनत झाल्यावर २००२ मध्ये तो देश या रोगापासून मुक्त झाल्याचं तात्पुरतं जाहीर झालं. दोन देशांनी जे घराबाहेर काढण्यासाठी पिढ्या खर्च केल्या ते आपण 'नैसर्गिक' म्हणून स्वयंपाकघरात आणत आहोत, हे मला सहन होत नाही. यावरचं औषध प्राझिक्वांटेल. बाजारातल्या प्रत्येक जंताच्या गोळीत ते नसतं, म्हणून पाकिटावरचं नाव वाचून घ्यावं.

बर्ड फ्लूचा धोका गेल्या काही वर्षांत भर म्हणून आला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या मेले, आणि तपासणीत एच५एन१ निघाला. खाण्यातल्या कोंबडीतून तो आला असावा असा संशय घेतला गेला. मांजरकुळाला हा विषाणू फार घातक ठरतो. कुत्री त्यामानाने तग धरतात, पण २०२३ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत रानटी हंस चघळलेला एक कुत्रा याच विषाणूने मेला. घरात कुत्र्याबरोबर मांजर असेल तर कच्च्या कोंबडीचा विचारही नको.

आणखी दोन गोष्टी, ज्या फारशा माहीत नसतात. मेलबर्नमध्ये २०१८ साली असं दिसलं, की कुत्र्यांना पायांपासून सुरू होऊन वर चढणारा एक लुळेपणा येतो, त्याचा संबंध कच्च्या कोंबडीशी, विशेषतः मानांशी आहे; त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू असावा. माणसांतल्या गिलाँ-बारे विकाराचंच हे भावंड. पुण्यात याच विकाराची मोठी साथ २०२५ च्या जानेवारीत येऊन गेली, तेव्हा कॅम्पिलोबॅक्टरचं नाव घरोघरी पोचलं होतं. दुसरी गोष्ट जर्मनीतली: घशाचे, अन्ननलिकेचे तुकडे खाणाऱ्या १२ कुत्र्यांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं आढळलं, कारण त्या तुकड्यांना जनावराची थायरॉइड ग्रंथी चिकटलेली होती. अन्न बदलल्यावर पुन्हा तपासलेल्या कुत्र्यांचं प्रमाण जागेवर आलं.

जंतूंवर इतकं बोललं जातं की आहाराचा तोल मागे पडतो, आणि रोजच्या नुकसानीत त्याचाच वाटा मोठा असतो. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. प्रमाण सुमारे २० ला १. कुत्र्याला हवं ते उलट, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जरा जास्त. हाड नसलेलं चिकन महिनोन्‌महिने घातलं, तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, लॅब्रॅडॉर किंवा ग्रेट डेन, तर काही आठवड्यांत पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. म्हणून कच्चेवाले ८०-१०-१० चा नियम सांगतात: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, त्यांतली निम्मी कलेजी. नियम ऐकायला नेटका आहे, पण जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं त्यात हमखास कमी पडतात. जर्मनीत ९५ कच्च्या आहारांचं विश्लेषण झालं तेव्हा ६० टक्क्यांत मोठा असमतोल निघाला. पण शिजवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. कॅलिफोर्नियात २०१३ साली घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या १९० मध्ये किमान एक आवश्यक घटक अपुरा होता.

हाडाबद्दल एवढंच: शिजवलेलं हाड कधीही नाही, ते काचेसारखं फुटतं. कच्चं हाड बरं, पण त्यानेही दाढा तुटतात आणि आतडी तुंबतात.

या वादात एक जुनी भीतीही मिसळलेली आहे. "कच्चं घातलंस तर त्याला रक्ताची चटक लागेल, माणसावर जाईल," असं घरातली मोठी माणसं सांगतात. याला काहीही आधार नाही. कुत्रा चावतो तो भीतीने, दुखण्याने, चुकीच्या वागणुकीने. कच्चं नको याची पुरेशी खरी कारणं असताना खोट्याचा आधार घेऊ नये.

मग मी विचारणाऱ्याला काय सांगतो? ताजं घाल, पण शिजवून. सुटं मांस, हाड नको. दहा-पंधरा मिनिटं उकळ, आतपर्यंत रंग बदलू दे, आणि ते पाणी फेकू नकोस, भातात मुरव, कारण ब जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात. कांदा-लसूण अजिबात नको, मीठ-मसाला नको. अंड्याचं कवच धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये पिठासारखं वाट; एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, किलोभर मांसातल्या फॉस्फरसला ते ढोबळमानाने पुरतं. उरलेल्या क्षार-जीवनसत्त्वांसाठी पशुवैद्यकाकडून पूरक भुकटी लिहून घे. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू कर. पिल्लू असेल तर घरचं अन्न तज्ज्ञाकडून आखून घेतल्याशिवाय नकोच, तोवर चांगल्या कंपनीच्या पिल्लांच्या गोळ्या पुष्कळ बऱ्या.

काही घरांत अडचण चुलीचीच असते. घर शाकाहारी, मुलीने कुत्रा आणलेला, आईला स्वयंपाकघरात मांस शिजलेलं चालत नाही. तिथे गोठवलेलं पाकीट सोयीचं वाटतं: वास नाही, भांडी नाहीत, बाल्कनीतल्या छोट्या फ्रिजमधून थेट वाडग्यात. त्या आईचा मी मान राखतो. पण अशा घरांत हात आणि ओटा मांसाच्या शिस्तीला सरावलेले नसतात, आणि म्हणून तिथे कच्चं सर्वांत जोखमीचं. त्यापेक्षा बाल्कनीतच एक छोटी विजेची शेगडी आणि एक वेगळा कुकर ठेवावा. तेही नको असेल तर गोळ्या आणि वर उकडलेलं अंडं, हेही वाईट जेवण नाही.

आणि इतकं ऐकूनही ज्याला कच्चंच घालायचं आहे त्याच्याशी मी नातं तोडत नाही. त्याला सांगतो, बोकड-म्हशीचे अवयव तरी कच्चे घालू नकोस. मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकून विरघळव, ओट्यावर नाही. स्टीलचं भांडं वापर आणि प्रत्येक वेळी साबण-गरम पाण्याने धू. अर्ध्या तासात न संपलेलं उचल. जेवणानंतर तासभर तोंड चाटू देऊ नकोस. प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घे, आणि वर्षातून दोनदा विष्ठा तपास. घरात कुणाला ताप येऊन जुलाब लागले, विशेषतः लहान मुलाला, तर दवाखान्यात गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सांग: आमच्या घरातला कुत्रा कच्चं मांस खातो. डॉक्टर ते स्वतःहून विचारणार नाहीत.